चौथं पान: गुहागरच्या एका आगरातलं सर्पगंधेचं प्रकरण

गुहागर तालुक्यातल्या एका आगरात जून २०२१ मध्ये सर्पगंधेची म्हणून दीडशे रोपं लागली. पुढच्या जानेवारीत मी तिथे गेले तेव्हा रोपं झकास वाढली होती, फुललीही होती. फक्त त्यातलं एकही झाड सर्पगंधेचं नव्हतं. हे कळलं कसं, त्यानंतर खरी सर्पगंधा वाढवताना काय काय बिघडलं आणि साडेतीन वर्षांनी हातात काय आलं, त्याची ही हकिगत. औषधी वनस्पती लावायच्या म्हणून उत्साहाने निघालेली बरीच मंडळी याच वाटेवर ठेच खातात, म्हणून जरा तपशिलात लिहिते.

आगराच्या मालकांना मी काका म्हणते. ते मला 'मॅडम' म्हणतात, कारण त्यांची पुतणी महाविद्यालयात माझ्याकडे वनस्पतिशास्त्र शिकली. काका परळला बँकेत होते. निवृत्तीनंतर गावचं घर दुरुस्त करून काका-काकू इकडे आले. घरामागे चढ, त्यावर हापूसची चाळीस कलमं. घरापुढे उतार, तिथे नारळ-सुपारीचं आगर. माती जांभ्याची, पाऊस कोकणाचा. या जागेचं वर्णन मुद्दाम आधी केलंय, कारण पुढचा अर्धा घोटाळा जागेचाच आहे.

सर्पगंधाच का, असं मी पहिल्या भेटीत विचारलं. काकांनी एक कात्रण पुढे केलं. डॉ. रुस्तम जाल वकील यांच्यावरचं. वकील मुंबईतले हृदयरोगतज्ज्ञ, परळच्या केईएम रुग्णालयाशी संबंधित. सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या त्यांनी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन पाहिल्या आणि निष्कर्ष १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापले. तोवर पाश्चात्त्य वैद्यकाला हे झुडूप जवळजवळ माहीतच नव्हतं. तसं पाहिलं तर १९३१ मध्येच गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचा रक्तदाबावरचा आणि मनोविकारावरचा उपयोग लिहून ठेवला होता. बिहारकडे तर हे 'पागल की दवा' म्हणूनच विकलं जायचं. पण वकिलांच्या लेखानंतर चक्रं फिरली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या संशोधकांनी मुळातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं आणि १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. "आमची शाखा केईएमच्या जवळच होती हो," काका म्हणाले, "आणि मला हे कळलं निवृत्त झाल्यावर." हे सांगताना त्यांच्या तोंडावर जे आलं, त्यावरून मी ओळखलं की हे पैशांचं गणित नाही, हौस आहे. हौशीचा माणूस जास्त फसतो, पण टिकतोही जास्त.

दीडशे रोपं त्यांनी हमरस्त्यालगतच्या एका रोपवाटिकेतून आणली होती. पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर 'सर्पगंधा'. लावली, शेणखत दिलं, सुपारीबरोबर शिंपणंही मिळत गेलं. सात महिन्यांत रोपं कमरेला आली. काकांनी दोन झाडं उपटून मुळं वाळवली आणि चिपळुणात जडीबुटीच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. त्याने एक मूळ मोडलं, सालीवर नख फिरवलं, जिभेला लावलं आणि परत केलं. "हे नाही चालायचं." कारण सांगितलं नाही. काकांना वाटलं, भाव पाडायची युक्ती. म्हणून त्यांनी मला बोलावलं, खरं तर व्यापाऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला.

मला शंका आली ती फाटकातूनच. सर्पगंधा हे बुटकं झुडूप. सहसा वीत-दोन वीत, फार तर गुडघ्यापर्यंत. कमरेला लागणारी, फांद्यांनी भरलेली सर्पगंधा म्हणजे नवलच. जवळ गेले आणि एका पेरावरची पानं मोजली. चार. दुसऱ्या पेरावर चार. तिसऱ्यावर चार.

नुसत्या चारच्या आकड्यावर निकाल देता येत नाही. सर्पगंधेला पेरावर बहुधा तीन पानं असतात, पण कधी चारही येतात, कोवळ्या रोपावर दोनही दिसतात. इथे बोलकं होतं ते पानांचं माप. चारांतली दोन मोठी, दोन लहान, आणि लहान म्हणजे मोठ्यांच्या निम्म्याहूनही लहान. एकाच ताटात जेवायला बसलेली दोन मोठी माणसं आणि दोन पोरं असावीत तशी. कोवळ्या पानावर बोट फिरवलं तर बारीक लव लागली. सर्पगंधेचं पान गुळगुळीत असतं. मग फुलं पाहिली. इवलीशी, मळकट पांढरी, नळी आखूड, फुगीर. सर्पगंधेचं फूल एकदा पाहिलेला माणूस इथे चुकत नाही. तिच्या फुलोऱ्याचा दांडा लालभडक, नळी लांब, गुलाबी-लाल, मध्यावर किंचित फुगलेली आणि टोकाला पाच पाकळ्यांची पांढरी चांदणी. दुरून पाहिलं तर लाल काड्यांवर तांदूळ सांडल्यासारखं दिसतं.

काकांच्या आगरात होती ती राऊवोल्फिया टेट्राफायला. 'टेट्राफायला' म्हणजेच चार पानांची, नावातच सगळं आलं. सर्पगंधा राऊवोल्फिया सर्पेंटिना. दोघी सख्ख्या चुलत बहिणी, एकाच करवीर कुळातल्या. पण सर्पगंधा इथली, चारपानी अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेली आणि आता भारतभर रस्त्याकडेला, पडीक जागेत रुळलेली. तिच्यातही रेसर्पिन असतं, तेव्हा ती अगदीच 'खोटी' म्हणता येत नाही. मात्र घटकांचं प्रमाण वेगळं, मूळ वेगळं, आणि ज्याला सर्पगंधा हवी त्याच्या दृष्टीने ती भेसळच.

काकांना पटेना. "मॅडम, चिठ्ठी आहे ना पिशवीला." मग मी एक मूळ घेऊन आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. साधी गोष्ट आहे, कुठल्याही महाविद्यालयात होईल. ब्लेडने मुळाची पातळ आडवी चकती काढायची, काचेवर ठेवायची, त्यावर फ्लोरोग्लुसिनॉलचा थेंब आणि मग तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब. ज्या पेशींच्या भिंतीत काष्ठद्रव्य असतं त्या गुलाबी होतात. आमच्या संग्रहातलं खऱ्या सर्पगंधेचं मूळ आधी लावलं. मधलं लाकूड गुलाबी झालं, भोवतीची साल कोरीच राहिली. सर्पगंधेच्या सालीत कठीण दगडी पेशी नसतातच, आणि औषधाच्या परीक्षेत हीच तिची मोठी खूण मानतात. मग काकांच्या मुळाची चकती लावली. लाकूड गुलाबी झालंच, पण सालीतही गुलाबी ठिपके उमटले, फराळाच्या बुंदीसारखे. काका सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीनात. "म्हणजे तो व्यापारी नखाने हेच बघत होता?" बहुधा हो. मऊ साल आणि दाणेदार साल यातला फरक त्याच्या नखाला ठाऊक होता, आम्हाला त्यासाठी आम्ल लागलं.

रोपवाटिकेवर काका रागावले होते. मी गेले होते त्यांच्याबरोबर. मालक तरुण होता, प्रामाणिकपणे गोंधळलेला. त्याने रोपं दुसरीकडून आणली होती, त्या दुसऱ्याने तिसरीकडून. यात लबाडी असेलच असं नाही, असं माझं मत आजही आहे. चारपानी बी टाकताच उगवते, पिशवीत तरारते, गिऱ्हाइकाला आवडते. सर्पगंधेचं बी दहा टाकलं तर दोन-तीन उगवतं, तेही महिन्या-दीड महिन्याने. रोपवाटिकेत गर्दी कोणाची होणार? अज्ञान आणि सोय एकत्र आली की चिठ्ठी आपोआप चुकीची लागते.

चारपानी उपटायला काका तयार होत नव्हते. पोटच्या पोरासारखी वाढवलेली, फळांनी लाल झालेली झाडं! पण तीच फळं पिकून काळी झाली की बुलबुल खाणार आणि बी अख्ख्या गावात पेरणार. शेवटी काढली. चीक अंगाला लागू नये म्हणून हातमोजे घालून. एक झाड मात्र मी कुंडीत ठेवायला लावलं, नमुना म्हणून. त्या कुंडीची गोष्ट शेवटी येईलच.

याच दिवसांत घडलेला एक प्रसंग सांगते, कारण तो झाडापेक्षा महत्त्वाचा होता. काकूंना रक्तदाब आहे, रोज दोन गोळ्या चालू आहेत. काकांच्या मनात होतं की एकदा खरी सर्पगंधा हाती आली की घरचंच मूळ चूर्ण करून द्यावं. मी शक्य तितक्या कडक शब्दांत नको म्हटलं. रेसर्पिनची गोळी असते ०.१ किंवा ०.२५ मिलिग्रॅमची. मिलिग्रॅमचा दहावा किंवा चौथा भाग! घरच्या चमच्याने हे मोजणार कसं? मुळात किती द्रव्य आहे ते झाडाच्या वयावर, ऋतूवर, मातीवर, साल किती शिल्लक आहे त्यावर बदलतं. जास्त झालं तर दाब घसरतो, नाडी मंदावते, नाक चोंदतं आणि मनाला खोल उदासी येऊ शकते. या उदासीपायीही डॉक्टरांनी पुढे रेसर्पिनचा वापर कमी केला. त्यात आधीच्या गोळ्या चालू. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "मला कोणी विचारलंय का? मी घेणारच नव्हते." विषय तिथेच मिटला. आयुर्वेदाचे वैद्य हे मूळ देतात ते मोजून, नाडी बघून, माणूस डोळ्यांपुढे ठेवून. त्याची बरोबरी घरच्या खलबत्त्याशी नको.

खरी सर्पगंधा मिळवणं हे दुसरं प्रकरण. कोकणातल्या आणि गोव्यातल्या ओलसर जंगलांत ती अजून आहे, पण मुळासाठी झाड अख्खं खणावं लागतं, आणि रेसर्पिनची मागणी वाढल्यावर ती देशभर खणली गेली. १९९० पासून तिचं नाव साइटीस या वन्य जीव-वनस्पतींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे, म्हणजे परदेशी व्यापारावर परवान्याचं बंधन. जंगलातून झाडं उचलून आणायची नाहीत, हे आम्ही आधीच ठरवलं. सावंतवाडीकडे एका परिचितांच्या कुळागरात आंब्याच्या सावलीत आपसूक आलेली दहा-बारा झाडं होती. त्यांनी फळं घ्यायला आनंदाने परवानगी दिली. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात दोन फेऱ्या मारल्या. दोन का, तर या झुडपाची फळं एकदम पिकत नाहीत. एकाच फुलोऱ्यावर कळी, फूल, हिरवं फळ आणि जांभळट काळं पिकलेलं फळ असं सगळं नांदत असतं.

फळं हाताने चोळून गर धुतला, आतल्या कवचासकट बिया सावलीत सुकवल्या. सुमारे पाचशे निघाल्या. रात्रभर पाण्यात घातल्या. सकाळी १८० वर तरंगत होत्या. काका म्हणाले, "पोचट भाताची परीक्षा झाली ही." अगदी तीच. सर्पगंधेच्या पुष्कळ बियांत आत काही नसतंच, नुसतं कवच. तरंगलेल्या फेकल्या. उरल्या ३२०.

इथे माझा आणि पुस्तकांचा मतभेद झाला. लागवडीच्या पुस्तिका सांगतात की एप्रिल-मेमध्ये गादीवाफ्यावर पेरा, पावसाळ्यात रोपं हलवा. पण आमच्या हातात सप्टेंबरात ताजं बी होतं आणि सर्पगंधेचं बी जुनं झालं की उगवण घसरते. इंदूरच्या कृषी महाविद्यालयातून आलेला 'आरएस-१' हा वाण गाजला तो याचसाठी, की त्याचं बी सात महिने ठेवूनही निम्म्याहून जास्त उगवतं. आमचं बी वाणाचं नव्हतं, रानचं होतं. म्हणून वाटणी केली. १६० बिया लगेच पेरल्या, १६० कापडी पुरचुंडीत बांधून डब्यात, मेसाठी.

ताज्या बियांची रोपं पडवीशेजारी हिरव्या जाळीखाली, वाळू, माती आणि कुजलेलं शेणखत सारखं घेऊन. तीन आठवडे काही नाही. काकू रोज सकाळी चहाआधी जाऊन बघायच्या. चोविसाव्या दिवशी पहिली दोन दिसली. दोन महिन्यांत ५८ झाली. मेमध्ये पेरलेल्या १६० मधून आली १९. एवढ्याशा आकड्यांवर कोणी नियम बांधू नये, पण काकांनी मात्र तेव्हापासून बी ठेवून द्यायचं नाव काढलेलं नाही. काही रोपं बुडाशी कुजून कोलमडली. पाणी रोज घालण्याची हौस नडली. एक दिवसाआड केल्यावर थांबलं.

लावणीच्या वेळी काकांकडे ताज्या बियांची ५१ रोपं धड होती. जून २०२३, पहिल्या दोन-तीन सरी पडून गेल्यावर लावणी. आणि इथे मी चुकले. सर्पगंधेला अर्धी सावली लागते म्हणून २२ रोपं आगरात, सुपारीच्या ओळींमध्ये लावायला मीच सांगितलं. उरलेली २९ वर, कलमांच्या कडेला, वरंब्यावर, ४५ बाय ३० सेंटिमीटरवर. सावली दोन्हीकडे होती. फरक पाण्याचा होता. गुहागरचा जुलै म्हणजे पाण्याला वाटच सापडत नाही असा महिना, आणि आगर उताराच्या पायथ्याशी. ऑगस्टमध्ये काकांचा फोन आला. पानं पिवळी पडून माना टाकताहेत, खत कमी पडलं का? जाऊन एक रोप उपटलं. मुळाला बोटांत धरून ओढलं तर साल मोजा उतरावा तशी सुटून हातात आली, आत पांढरी काडी. मूळ गुदमरून कुजलं होतं. खत दिलं असतं तर आणखी लवकर गेलं असतं. २२ पैकी १७ गेली. पाच उचलून वरंब्यावर नेली, ती वाचली. मेच्या पेरणीतली १४ रोपं जुलैअखेरीस लावली तीही वरच. सगळी मिळून ४८.

सुपारीला जे सुख वाटतं ते सर्पगंधेला मरण. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाणी साचू देऊ नका असं मी स्वतः वर्गात शिकवलंय. पण 'सावली' हा शब्द डोक्यात इतका बसला होता की पायाखाली बघितलंच नाही. मग वरंब्यांच्या मधून चर काढले, वरंबे उंच केले, आंब्याच्या पाल्याचं आच्छादन दिलं.

त्याच पावसात फिकट हिरव्या अळीने पानं गुंडाळायला सुरुवात केली. पानाच्या दोन कडा धाग्याने शिवून आत बसते आणि हिरवा भाग खरवडते. ४८ झाडांना फवारणी कशाला? गडी आणि काकू रोज सकाळी गुंडाळलेली पानं चिमटीत दाबत गेले. दहा-बारा दिवसांत आटोक्यात आलं. हजार झाडं असती तर वेगळा विचार करावा लागला असता, हे कबूल.

फेब्रुवारीत काकूंचा फोन. "अगो, सगळी पानं गळली. मेली वाटतं." त्यांनी घाबरून पाणी वाढवलं होतं. खोडाला नखाने खरवडायला सांगितलं. आत हिरवं होतं. थंडी-कोरड्यात सर्पगंधा पानं टाकते, विश्रांती घेते. तिला तेव्हा निवांत राहू द्यायचं, पाणी अगदी बेताचं. एप्रिलमध्ये नवी पालवी आली आणि मागोमाग लाल दांडे. पहिलं फूल उमललं त्या दिवशी काकांनी फोटो पाठवला, खाली एकच शब्द, 'तीन!' पानं मोजली होती.

फुलं आली की मुळासाठी लावणाऱ्यापुढे प्रश्न उभा राहतो. फुलोरे खुडले तर झाडाची शक्ती मुळाकडे जाते, ठेवले तर बी मिळतं. आम्ही नऊ झाडांचे खुडले, बाकी ठेवले. डिसेंबर २०२४ मध्ये, अठरा महिने झाल्यावर, पानं गळायच्या सुमाराला १८ झाडं खणली. खुडलेली नऊ, न खुडलेली नऊ. हिवाळ्यातच खणायचं, कारण मुळात द्रव्य तेव्हा भरलेलं असतं. आधी पाणी देऊन माती मऊ केली. साल सांभाळणं महत्त्वाचं, बहुतेक द्रव्य सालीतच असतं. कुदळीने ओरबाडलेली सर्पगंधा म्हणजे साय काढलेलं दूध.

पहिलं मूळ निघालं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. सरळ खाली गेलेलं असावं, तर फूटभरावर काटकोनात आडवं वळलेलं. खाली जांभ्याचा कातळ. मूळ जाऊन त्याला टेकलं आणि वाट शोधत आडवं पसरलं. अठरापैकी अकरा मुळं अशीच, छत्रीच्या मुठीसारखी. वरंबे उंच केले तो भाग वाचला, पण मुळाला हवी असते तेवढी खोली नव्हतीच. खुडलेल्या झाडांची मुळं थोडी जाड वाटली. नऊ झाडांवर काही सिद्ध होत नाही.

धुऊन, सावलीत वाळवून वजन केलं. अठरा झाडांचं मिळून जेमतेम पाव किलो. काकांचा चेहरा पडला. मी त्यांना हिशेब दाखवला. लागवडीच्या पुस्तिकांत इंदूरच्या प्रयोगांचे आकडे नेहमी दिलेले असतात: बियांच्या रोपांपासून हेक्टरी १,१७५ किलो वाळलेलं मूळ, मुळाच्या तुकड्यांपासून ३४५, खोडाच्या छाटांपासून १७५. आमच्या अंतराने हेक्टरी सुमारे ७४ हजार झाडं बसतात. म्हणजे चांगल्या जमिनीत, जाणकारांच्या हातून, एका झाडाचं वाळलेलं मूळ सोळा ग्रॅमच्या आसपास. आमचं चौदा. तेव्हा आपण नापास झालो नाही, पिकाचं गणितच असं आहे. अठरा महिने सांभाळायचं, झाड मारायचं आणि मूठभर मूळ. भाव कितीही चांगला धरा, कलमांच्या कडेच्या दोन गुंठ्यांत हे जमत नाही. ज्यांच्याकडे खोल, भुसभुशीत, निचऱ्याची एकर-दोन एकर जमीन आणि आधी बोलून ठेवलेला खरेदीदार आहे त्यांनी मुळाचा विचार करावा. इतरांनी नाही, असं माझं स्पष्ट मत झालंय.

मग उरलेल्या ३० झाडांचं काय? हा प्रश्न काकूंनीच सोडवला. "एवढा खटाटोप बी मिळेना म्हणून झाला ना? मग बीच विका की." किती सरळ गोष्ट! आम्हाला आधी नडलं होतं ते जमीन, पाणी, बाजार यातलं काही नव्हतं. खात्रीचं रोप कुठे मिळेना, हे नडलं होतं. खणलेलं झाड एकदाच काय ते देतं. उभं झाड दर पावसाळ्यात बी देतं, आणि त्या बियांतून आलेलं रोप नेमकं काय आहे हे आपल्याला ठाऊक असतं. त्या दिवसापासून त्या वरंब्यांवर कुदळ पडलेली नाही.

बुलबुलांशी मात्र सामना आहे. फळ काळं होतं त्या सकाळी ते आधी हजर. काकूंनी जुनी मच्छरदाणी कापून लहान लहान पिशव्या शिवल्या, फुलोऱ्यावर चढवून दोऱ्याने बांधतात. तीस झाडांवर पांढऱ्या टोप्या घातल्यासारखं दिसतं. दर तीन-चार दिवसांनी पिशवी उघडून पिकलेली तेवढी काढायची, त्याच दिवशी धुवायची, आठवड्याच्या आत पेरायची. २०२५ मध्ये ऐंशीच्या वर रोपं तयार झाली. पहिली दहा काकांनी त्या हमरस्त्यावरच्या रोपवाटिकेत फुकट नेऊन दिली, फुलाच्या फोटोसकट. मी म्हटलं, अहो काका, तुम्हाला पैसे तरी परत मिळाले का? "नाही. मी मागितलेही नाहीत. त्याच्याकडे निदान खरी जात तरी राहील."

बाकी कोणी रोप मागायला आलं की आधी परीक्षा. पायरीच्या एका बाजूला सर्पगंधेची कुंडी, दुसऱ्या बाजूला ती जपून ठेवलेली चारपानी. "मोजा," काका म्हणतात. पाहुणा मोजतो. "आता माप बघा." पाहुणा बघतो. बरोबर सांगितलं तरच रोप.

चारपानीचे फुलोरे वेळच्या वेळी कापायचे असं ठरलं होतं. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं, तेव्हा बहुधा राहून गेलं. ऑक्टोबरात मी गेले तेव्हा काका मला हाताला धरून वरंब्याकडे घेऊन गेले. सर्पगंधेच्या दोन झाडांमध्ये वीतभर उंचीची तीन रोपं उभी होती, हिरवीगार. ना भिजवलेली, ना तरंगवून पाहिलेली, ना कोणी पेरलेली. मी वाकून पेरावरची पानं मोजली. दोन मोठी, दोन लहान.